रेणू बांधला, पण टिकला का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हायड्रोजनेज या एन्झाइमवर, म्हणजे बॅक्टेरियात हायड्रोजन बनवणाऱ्या प्रोटीनवर, दीड पान छापलं होतं. बॅक्टेरिया लोखंड आणि निकेल वापरून हायड्रोजन कसा बनवतात, त्यावरून केमिस्ट लोकांनी छोटे छोटे कॅटलिस्ट रेणू (स्वतः न संपता रिॲक्शन वेगाने घडवणारे) कसे बनवले आणि पाण्यातून विजेने हायड्रोजन काढण्यासाठी आता ते इलेक्ट्रोडवर चिकटवायचं काम कसं चाललंय, एवढंच होतं त्यात, पण पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, आणि दोघातिघांनी परीक्षेला येईल तेवढंच सांगा असं लिहिलंय त्यांना आधीच सॉरी.

प्रश्न : सरांनी वर्गात सांगितलं की हायड्रोजनेज प्लॅटिनमच्या तोडीचं आहे. मग नक्कल कशाला करायची? सरळ एन्झाइमच इलेक्ट्रोडला लावा की. (टीवायबीएस्सीची विद्यार्थिनी, साखळी)

उत्तर : सर बरोबर बोलले, प्लॅटिनम म्हणजे विजेने हायड्रोजन काढायला सगळ्यात उत्तम मानतात तो धातू. ऑक्सफर्डच्या फ्रेझर आर्मस्ट्राँग यांच्या ग्रुपने २००२ मध्ये निकेल-लोखंडवालं हायड्रोजनेज ग्रॅफाइटवर बसवून प्लॅटिनमशी तुलना केली होती आणि एकेक ॲक्टिव्ह साइट (जिथे खरी रिॲक्शन होते ती जागा) धरून हिशोब केला तर एन्झाइम कुठे कमी पडत नाही असं दिसलं. दोन लोखंडवाली जात तर हायड्रोजन बनवण्यात अजून वेगवान, एक रेणू सेकंदाला हजारो वेळा तेच काम करतो. आणि असले बॅक्टेरिया शोधायला लांब जायला नको, चोडणच्या खारफुटीत नाहीतर कुठल्याही खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानशीजवळचा, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशचा, काळा चिखल उकरला की कुजक्या अंड्यांचा वास येतो ना, तो सल्फेटवर जगणाऱ्या बॅक्टेरियांचा उद्योग, आणि त्याच कुळातल्या डेसल्फोव्हिब्रिओच्या हायड्रोजनेजचं क्रिस्टल स्ट्रक्चर (कुठला अणू कुठे बसलाय त्याचा नकाशा) १९९५ साली सगळ्यात आधी हाती आलं.

अडचण दुसरीकडे आहे. एन्झाइमचा गोळा पाच-सहा नॅनोमीटरचा आणि त्यात खरं काम करणारे धातूचे अणू दोन, तेही आत खोल. म्हणजे इलेक्ट्रोडच्या एका चौरस सेंटिमीटरवर फार कमी मावतात, जागा सगळी प्रोटीन खातं. वर ते बसताना कुठल्या बाजूने बसलं याला महत्त्व आहे, कारण आतपर्यंत इलेक्ट्रॉन नेणारी लोखंड-गंधकाच्या झुपक्यांची एक साखळी असते आणि तिचं टोक इलेक्ट्रोडपासून साधारण १.४ नॅनोमीटरपेक्षा लांब राहिलं तर इलेक्ट्रॉनची उडी फार मंदावते, एन्झाइम जिवंत असून बेकार. आणि हवा! दोन लोखंडवालं बहुतेक हायड्रोजनेज ऑक्सिजन लागला की कायमचं जातं. २०१४ मध्ये जर्मनीत एन्झाइमला व्हायोलोजेन (इलेक्ट्रॉन सहज घेणारा-देणारा रेणू) लावलेल्या पॉलिमरच्या जेलमध्ये गुंडाळून ऑक्सिजन बाहेरच्या बाहेर संपवायची युक्ती दाखवली होती, सुंदर काम आहे, पण ते फ्युएल सेलच्या बाजूचं, म्हणजे हायड्रोजन वापरून वीज बनवताना.

नकलेची आणि अस्सल मालाची सरळ लढतसुद्धा झालीय. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट लॅबने बनवलेला ग्लायसीन लावलेला निकेलचा रेणू आणि डेसल्फोव्हिब्रिओचं एन्झाइम, दोन्ही सारख्याच प्रकारच्या इलेक्ट्रोडवर बांधून सारख्याच परिस्थितीत तपासले. पीएच ७ ला, म्हणजे ना ॲसिड ना अल्कली अशा पाण्यात, एन्झाइम सरस, वेगातही आणि टिकण्यातही. ॲसिडमध्ये मात्र रेणूने सगळ्याच बाबतीत एन्झाइमला मागे टाकलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की जिथे प्रोटीन नांगी टाकतं तिथे आपल्याला काम करायचंय, म्हणून नक्कल.

प्रश्न : लोखंड तर आमच्या डोंगरात ढिगाने होतं, त्यापायी गावंच्या गावं उकरली. एन्झाइममध्ये लोखंड आहे म्हणता मग तुमचे शास्त्रज्ञ निकेल आणि कोबाल्टच्या मागे का? (निवृत्त मुख्याध्यापक, डिचोली)

उत्तर : लोखंड स्वस्तच आहे हो, महाग आहे ते त्याच्या भोवतीचं. दोन लोखंडवाल्या एन्झाइमच्या साइटवर दोन लोखंडाचे अणू, त्यांना जोडणारे दोन गंधक, आणि बाजूला कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड. माणसाला मारणारी ही दोन विषं बॅक्टेरिया स्वतः तयार करतो आणि मोजून धातूला लावतो, मला तर ह्याचं अजून नवल वाटतं. १९९८-९९ मध्ये हे स्ट्रक्चर उघड झालं तेव्हा केमिस्टांच्या लक्षात आलं की अरे, दोन लोखंड, दोन गंधक आणि कार्बन मोनॉक्साइड असलेली कंपाउंड तर १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहेत! मग काय, झुंबड उडाली, शेकडो मॉडेल बनली, दिसायला हुबेहूब, आणि कामाला बहुतेक सगळी सुमार. खूप जास्त व्होल्टेज द्यावं लागायचं आणि तेही पाण्यात नाही, ॲसिटोनायट्राइलसारख्या सॉल्व्हंटमध्ये.

का, तर धातू उचलला पण त्याचा शेजार उचलला नाही. त्या दोन गंधकांना जोडणाऱ्या पुलाच्या मधोमध एक अणू आहे, तो कार्बन, नायट्रोजन का ऑक्सिजन यावर कितीतरी वर्षं वाद चालला, कारण क्रिस्टल स्ट्रक्चरमधून हे तिघे वेगळे ओळखणं कठीण. २०१३ मध्ये तिन्ही प्रकारचे कृत्रिम तुकडे बनवून रिकाम्या एन्झाइममध्ये एकेक करून बसवले तेव्हा पूर्ण जोमाने चालू झालं ते फक्त नायट्रोजनवालं. हा नायट्रोजन प्रोटॉन पकडून धातूच्या अगदी जवळ धरतो, धातूवर हायड्राइड (जास्तीचा इलेक्ट्रॉन घेतलेला हायड्रोजन) तयार असतोच, दोघं भेटले की झाला हायड्रोजन.

डॅनियल ड्युबॉइस आणि मेरी राकोव्स्की ड्युबॉइस या जोडप्याने हे त्याच्या आधीच ओळखून फक्त तेवढी कल्पना उचलली होती. धातू निकेल, त्याला फॉस्फरसचे चार हात, आणि हातांच्या मागे नायट्रोजन टांगलेले. दिसायला एन्झाइमसारखं काहीच नाही. २०११ मध्ये ह्याच घराण्यातल्या एका रेणूने सेकंदाला हायड्रोजनचे एक लाखाच्या वर रेणू असा वेग दाखवला, एन्झाइमपेक्षा जास्त, फक्त त्यासाठी किमान लागणाऱ्या व्होल्टेजच्या वर सुमारे ६०० मिलिव्होल्ट जास्तीचे मोजावे लागले, आणि ते विजेच्या बिलात येतात. निकेल एन्झाइमच्या दुसऱ्या जातीत आहेच, कोबाल्टची प्रेरणा बी-१२ व्हिटॅमिनची. धातूची किंमत इथे कुणी मोजत नाही, तो लागतोच किती. फॉस्फरसचा लिगँड, म्हणजे धातूला धरणारे ते हात, हवा लागू न देता चार-पाच पायऱ्यांनी बनवायचा, पैसे तिथे जातात. तेव्हा डोंगरातलं लोखंड डोंगरात असू दे.

प्रश्न : मी एका केमिकल कंपनीत आहे. आमच्याकडे कॅटलिस्ट रिॲक्टरमध्ये टाकतात आणि नंतर गाळून काढतात. हे लोक इलेक्ट्रोडला बांधत का बसतात? आणि बांधतात म्हणजे नक्की कसं, गोंदाने? (प्रॉडक्शन इंजिनिअर, वेर्णा)

उत्तर : ह्या प्रश्नाला जागा जास्त देतोय कारण सगळी गोष्टच इथे आहे.

तुमच्या रिॲक्टरमध्ये कॅटलिस्टचा प्रत्येक कण कामाला लागतो कारण रिॲक्शन सगळ्या द्रवात चालते. इथे इलेक्ट्रॉन फक्त इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर मिळतात, त्यामुळे बीकरभर रेणू विरघळवले तरी इलेक्ट्रोडला खेटून असलेल्या पातळशा थरातलेच कामावर, बाकीचे सगळे नुसते तरंगतायत. त्यातले काही फिरत फिरत ॲनोडकडे (ऑक्सिजन निघतो त्या दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे) जातात आणि तिथे ऑक्सिडाइज होऊन मरतात, फॉस्फरसवाल्यांचं तर हमखास. शिवाय यातले बरेच रेणू पाण्यात विरघळतच नाहीत. पृष्ठभागावर बांधलं की विरघळायची गरजच संपते, पाण्यात न विरघळणारा रेणू पाण्यात काम करायला लागतो, आणि माझ्या मते बांधण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, वेगबिग नंतर. अजून एक, काही रेणू एकमेकांना भिडून खराब होतात, ते बांधून टाकले की भिडत नाहीत. अर्थात कोबाल्टचे काही रेणू दोघं भेटल्यावरच हायड्रोजन सोडतात असा एक मार्ग सांगितला जातो, त्यांना बांधून ठेवलं तर तो मार्ग बंद. म्हणजे द्रवात चांगला तो इलेक्ट्रोडवर चांगलाच असेल असं नाही, पेपर वाचताना हे विसरू नका.

आता कसं. चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधणाऱ्याला हे चटकन कळेल, नारळाच्या पेंडीला जी गाठ ती रानफळांच्या झुपक्याला चालत नाही, आणि एकावर एक बांधत गेलं तर मागचं दिसत नाही. इथेही इलेक्ट्रोड कुठला आणि किती व्होल्टवर चालवायचा यावर गाठ ठरते.

कार्बन असेल तर सगळ्यात घट्ट गाठ डायझोनियमची. डायझोनियम सॉल्ट इलेक्ट्रोडवर रिड्यूस केलं की नायट्रोजन वायू निघून जातो आणि उरलेला तुकडा कार्बनला सरळ कोव्हॅलंट बाँडने चिकटतो, घासून जात नाही. मग त्या तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला कॅटलिस्ट जोडायचा. फ्रान्समधल्या ग्रनोबल आणि साक्लेच्या लोकांनी, विन्सेंट आर्टेरो आणि मार्क फाँतकाव्ह त्यातलेच, २००९ मध्ये हेच केलं. कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिबारीक नळ्यांवर) आधी अमीन असलेला तुकडा डायझोनियमने बसवला, मग ड्युबॉइसवाल्या निकेलच्या रेणूला एस्टरचं टोक लावून तो अमाइड बाँडने जोडला आणि वर नॅफिऑनचा, म्हणजे प्रोटॉन जाऊ देणाऱ्या प्लास्टिकचा, पडदा. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये जवळजवळ काहीच जास्तीचं व्होल्टेज न देता हायड्रोजन निघाला, उलट दिशेला हायड्रोजन खायलाही तयार, आणि दहा तासांत एकेका रेणूने एक लाखाच्या वर फेऱ्या मारल्या, एक फेरी म्हणजे हायड्रोजनचा एक रेणू. त्या वेळी मोठी बातमी होती ती. ड्युबॉइसचा रेणू द्रवात ६०० मिलिव्होल्ट मागतो आणि त्याचा भाऊ नॅनोट्यूबवर इतका सज्जन कसा, तर रेणू थोडा वेगळा, माध्यम वेगळं, आणि नॅनोट्यूबच्या जाळीत प्रोटॉन-इलेक्ट्रॉन दोन्ही पुरतात. डायझोनियमचा दोष एकच, तो एका थरावर थांबत नाही, चिकटलेल्या तुकड्यावर दुसरा चिकटतो, त्यावर तिसरा, आणि वरच्या रेणूंपर्यंत इलेक्ट्रॉन पोचायची मारामार.

दुसरी गाठ पायरीनची. चार बेंझिन रिंगा सपाट जोडलेला रेणू, तो नॅनोट्यूबच्या भिंतीवर चपटा बसतो, कसलाच बाँड नाही. इलेक्ट्रोड बुडवा, धुवा, झालं. ह्याच ग्रुपने २०११ मध्ये पायरीनने निकेल बसवला, तो इलेक्ट्रोड कार्बन मोनॉक्साइड आला तरी डगमगला नाही, जिथे प्लॅटिनम मान टाकतं. पाण्यात ही गाठ बऱ्यापैकी टिकते, ऑरगॅनिक सॉल्व्हंटमध्ये सुटायला लागते. घाईत असलेल्या विद्यार्थ्यांची लाडकी पद्धत.

ऑक्साइडचा इलेक्ट्रोड असेल, टिटॅनियम डायऑक्साइड वगैरे, सोलरवाल्यांचं आवडतं, तर फॉस्फोनिक ॲसिडचे पाय लावतात. ॲसिडमध्ये ठीक, अल्कलीत गेलं की पाय सुटतात. सोन्यावर थायॉल, पुस्तकात फार छान दिसतं, पण हायड्रोजन बनवायला व्होल्टेज जितकं निगेटिव्ह न्याल तितकी सोनं-गंधकाची गाठ सैल होते, म्हणजे ज्या कामासाठी बांधलं त्याच कामाने सुटतं. माझं मत विचाराल तर हायड्रोजनसाठी थायॉलच्या वाटेला जाऊच नये.

आणि एक प्रकार बांधण्याच्याही पलीकडचा. अमेरिकेतल्या एमआयटीत योगेश सुरेंद्रनाथ यांच्या ग्रुपने रेणू ग्रॅफाइटच्या कडेला पायरॅझिनच्या रिंगने असा जोडला की ग्रॅफाइट आणि रेणू मिळून एकच इलेक्ट्रॉनचा पसारा. मधे दोरीच नाही. मग रेणू स्वतःचा वेगळा इलेक्ट्रॉन घेतो-देतो असं राहत नाही, धातूच्या पृष्ठभागासारखाच वागतो. रेणू म्हणायचं का धातू, हाच घोळ, आणि मला त्यातच सगळ्यात जास्त रस वाटतो.

प्रश्न : मी एमएस्सीचा प्रोजेक्ट करतोय, कोबाल्टचा कॉम्प्लेक्स कार्बनवर बसवला, हायड्रोजनचा करंट मस्त येतोय, आणि मित्र म्हणतो तुझा रेणू कधीच मेलाय. कसं ओळखायचं? (विद्यार्थी, ताळगाव)

उत्तर : मित्राला चहा पाजा, तो योग्य शंका काढतोय.

कोबाल्ट आणि निकेलचं दुखणं हे की रेणू फुटला तर आतला धातू इलेक्ट्रोडवर बारीक कणांच्या रूपाने बसतो आणि ते कणसुद्धा हायड्रोजन बनवतात, कधीकधी रेणूपेक्षा जास्त. पॅरिसच्या सावेआं यांच्या ग्रुपने २०१२ मध्ये एका कोबाल्टच्या बंदिस्त पिंजऱ्यासारख्या रेणूबद्दल हेच दाखवलं, ज्याला सगळे कॅटलिस्ट समजायचे तो नुसता कच्चा माल निघाला, काम करत होते इलेक्ट्रोडवर जमा झालेले नॅनोकण. त्यानंतर कोबाल्टवाल्यांची झोप उडाली ती उडालीच.

तुमच्या लॅबमध्ये जमेल असं सांगतो. आधी ॲसिड न घालता सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज पुढे-मागे फिरवून काढलेला करंटचा आलेख) घ्या आणि स्कॅन रेट बदला, पीक करंट स्कॅन रेटच्या सरळ प्रमाणात वाढला तर रेणू पृष्ठभागावर बसलाय, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढला तर तो द्रवात सुटा फिरतोय. त्याच पीकखालचा चार्ज काढून फॅराडेच्या आकड्याने भागा, किती रेणू इलेक्ट्रॉनच्या संपर्कात आहेत ते मिळेल. सपाट कार्बनवर एका चौरस सेंटिमीटरला ०.१ नॅनोमोलच्या आसपास येऊ शकतात, नॅनोट्यूबवर एक-दोन नॅनोमोल सहज. तुमचा आकडा सपाट कार्बनवर दहा नॅनोमोल आला तर खुश होऊ नका, थरावर थर बसलेत नाहीतर काहीतरी भलतंच आहे. मग तासभर हायड्रोजन काढा, इलेक्ट्रोड स्वच्छ धुवा, नवीन द्रवात घाला आणि परत तेच पीक बघा. पीक गेलं आणि करंट तसाच राहिला, की समजा मित्र जिंकला. एक्सपीएसची (पृष्ठभागावरचे अणू कुठल्या रूपात आहेत ते एक्स-रेने सांगणाऱ्या तपासणीची) सोय झाली तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नमुने द्या, नुसता आधीचा देऊन काय उपयोग, कोबाल्ट अजून नायट्रोजनसोबत आहे का एकटा धातू झालाय ते नंतरच्यातच दिसतं. आणि कंट्रोल म्हणून साधं कोबाल्ट क्लोराइड त्याच इलेक्ट्रोडवर त्याच पद्धतीने लावून करंट मोजायला विसरू नका, कित्येकदा हा साधा कंट्रोलच बघितलेला नसतो. गॅस क्रोमॅटोग्राफवर हायड्रोजन मोजा, करंट म्हणजे हायड्रोजनच असं गृहीत धरायचं नाही, थोडा ऑक्सिजन शिरला तरी तो इलेक्ट्रॉन खातो.

प्रश्न : आमच्या होमस्टेवर सोलर पॅनल आहेत, समोर समुद्र आहे. हा लेप लावलेली पट्टी मिळाली तर समुद्राच्या पाण्यातून स्वयंपाकाचा गॅस निघेल का? (होमस्टे चालवणाऱ्या एक ताई, पेडणे)

उत्तर : ताई, नको. खाऱ्या पाण्यात तारा घातल्या की एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला क्लोरीन येतो, बंद खोलीत तो जीवावर बेतेल. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही मिसळलेला असला तरी पेटतो, एवढी मोठी रेंज एलपीजीची नाही. आणि समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कॅथोडवर पांढरं होऊन बसतं, खाली तो नाजूक रेणूंचा थर असेल तर गेलाच. समुद्राचं पाणी सरळ वापरायचा हट्ट तसाही मला पटत नाही, एक किलो हायड्रोजनला ५० युनिटच्या वर वीज लागते आणि पाणी नऊ-दहा लिटर, तेवढं पाणी गोडं करायला युनिटचा विसावा हिस्सासुद्धा लागत नाही. आधी गोडं करा मग वापरा, सरळ हिशोब आहे. स्वयंपाकाला सोलरवरची वीज थेट इंडक्शनला द्या.

प्रश्न : ग्रीन हायड्रोजन मिशनचे १९,७४४ कोटी, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन, हे सगळं पेपरात वाचतो. तुमच्या ह्या बांधलेल्या रेणूंचा त्यात वाटा किती? खरं सांगा. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : खरं सांगायचं तर आज शून्य.

अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये (विजेने पाणी फोडणाऱ्या मशीनमध्ये) साधे निकेलचे इलेक्ट्रोड पूर्वीपासून चालतात, प्लॅटिनम लागतच नाही. मेंब्रेनवाल्या इलेक्ट्रोलायझरमध्ये हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम लागतं पण थोडंसं, खरी रडारड ऑक्सिजनच्या बाजूच्या इरिडियमची, जगात ते वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं. म्हणजे हे रेणू ज्या बाजूचा प्रश्न सोडवतायत ती बाजू आधीच बरी आहे. मोठा खर्च विजेचा, ५० लाख टन गुणिले किलोला ५० युनिट, २५० अब्ज युनिट होतात वर्षाला.

आणि टिकण्याचा हिशोब बघा, मला हा हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही. चौरस सेंटिमीटरवर एक नॅनोमोल रेणू धरले आणि प्रत्येकाने सेकंदाला दहा हजार फेऱ्या मारल्या तर करंट येतो साधारण १.९ अँपिअर, कारखान्यातल्या मशीनच्या बरोबरीचा, कागदावर एकदम झकास. पण ग्रनोबलचे ते एक लाख फेरे दहा तासांतले, म्हणजे सेकंदाला तीनसुद्धा नाहीत. त्यांनी २०१३ मध्ये कोबाल्टचा रेणू तसाच बांधला, पीएच ४.५ ला सात तासांत ५५ हजार फेरे, सेकंदाला दोनच्या थोडं वर. दहा हजाराच्या वेगाने पळवला तर एक लाख फेरे दहा सेकंदांत संपतात, आणि कारखान्याला मशीन ५० हजार तास चालायला हवं, त्यात फेरे होतात १.८ लाख कोटी. बॅक्टेरियाला ही काळजी नाही, त्याचं एन्झाइम बिघडलं की तो नवीन बनवतो. इलेक्ट्रोडवर नवीन कोण बनवणार? ज्याला ह्या विषयात पुढे काही करायचं असेल त्याने वेगाचा नाद सोडून ह्याच्या मागे लागावं, बिघडलेला रेणू जागेवर दुरुस्त करणं किंवा त्याच द्रवातून नवीन येऊन बसणं.

मग पैसे का घालतात लोक? कारण प्लॅटिनममध्ये अणूचा शेजार बदलून बघता येत नाही, रेणूत येतो, एक नायट्रोजन इकडचा तिकडे केला की वेग का बदलला ते सांगता येतं. आणि हायड्रोजन कशाला हवाय तेही बघा, आपल्या झुआरीनगरला युरिया बनतो, त्याच्या आधी अमोनिया, आणि अमोनियासाठी हायड्रोजन लागतो तो नॅचरल गॅसमधून काढायचा, त्या वाटेने किलोभर हायड्रोजनला नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड जातो. पहिली गरज तिथली आहे, गाड्याबिड्या नंतर.

प्रश्न : आमच्या कॉलेजात ग्लव्हबॉक्स (हवेशिवाय काम करायची पेटी) नाही, नॅनोट्यूब नाहीत, व्होल्टेज देऊन करंट मोजणारं एक जुनं पोटेन्शिओस्टॅट आहे. मुलांना ह्यातलं काही करून दाखवता येईल का? (प्राध्यापिका, केपें)

उत्तर : येईल मॅडम, आणि कॅटलिस्ट नसला तरी चालेल, नुसती गाठ दाखवा.

पेन्सिलीतलं शिसं किंवा ग्रॅफाइटची कांडी घ्या. ४-नायट्रोॲनिलीन थंड हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, बर्फात ठेवून, सोडियम नायट्राइट घालून डायझोनियम तिथल्या तिथे बनवा. वाळवून साठवायचं अजिबात नाही, सुकं डायझोनियम सॉल्ट फुटू शकतं. त्यातच इलेक्ट्रोड बुडवून व्होल्टेज निगेटिव्हकडे न्या, पहिल्या स्कॅनला रिडक्शनचं पीक दिसेल, दुसऱ्या-तिसऱ्याला ते जवळपास गायब, म्हणजे पृष्ठभाग झाकला गेला. मग इलेक्ट्रोड पाण्याने आणि ॲसिटोनने धुऊन पोटॅशियम फेरीसायनाइडच्या द्रवात घाला, साध्या ग्रॅफाइटवर जी छान जोडपीकं येतात ती आता चपटी होतील किंवा येणारच नाहीत. नंतर मुलांना नायट्रो ग्रुपचं पीक मोजून किती तुकडे बसले ते काढायला सांगा, एका नायट्रोला चार इलेक्ट्रॉन लागले का सहा यावर उत्तर बदलतं, त्यावरून वर्गात भांडण होऊ द्या. एक इलेक्ट्रोड डायझोनियमने आणि दुसरा नुसता पायरीनच्या द्रावणात बुडवून तयार केला, आणि दोन्ही ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं सोनिकेटरमध्ये ठेवले की कुठली गाठ सुटते ते मुलं स्वतःच सांगतील. पायरीनला स्वतःचं सोयीचं पीक नाही, म्हणून तिथेही फेरीसायनाइडच वापरा, फक्त फरक कमी दिसेल, कारण तो थर विरळ असतो. उरलेलं डायझोनियम सिंकमध्ये ओतण्याआधी त्यात थोडं फिनॉल अल्कलीत विरघळवून घाला, नारिंगी-लाल रंग येतो, तो ॲझो डाय, फुकटात दुसरं प्रॅक्टिकल झालं.